उदारमतवादी कोण, परंपरावादी कोण? खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

अमळनेरला आमची दर रविवारी सकाळी वाचकांची बैठक भरते. निवडणूक जवळ आली की तिथे एकच विषय निघतो, आणि मग पाचोरा, साक्री, शहादा, रावेर इथूनही मोबाइलवर प्रश्न येऊ लागतात. मी तीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं, म्हणून बहुतेक प्रश्न माझ्याकडे वळवले जातात. तेच तेच प्रश्न फिरून येतात, तेव्हा उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. कोणाला मत द्यावं हे इथे सांगितलेलं नाही. माझी स्वतःची मतं जागोजागी दिसतील, ती मी लपवलेली नाहीत.

१. थोडक्यात सांगा, उदारमतवादी आणि परंपरावादी यांच्यात फरक काय?

उदारमतवादी विचाराची सुरुवात व्यक्तीपासून होते. आपलं आयुष्य कसं जगायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, आणि आड येणाऱ्या रूढीला, जातीला, राजाला किंवा सरकारला ‘का?’ असं विचारता यावं, ही त्याची पहिली मागणी. परंपरावादी विचार सुरू होतो तो आधीपासून उभ्या असलेल्या गोष्टींपासून: घर, गाव, धर्म, भाषा, संस्था. माणूस या सगळ्यांच्या मांडीवर वाढतो. पिढ्यानपिढ्या टिकलेल्या व्यवस्थेत एका माणसाच्या डोक्यात मावणार नाही इतकं शहाणपण साठलेलं असतं, असं परंपरावाद्याला वाटतं.

मी वर्गात हा फरक असा सांगायचो: कारण कोणी द्यायचं? उदारमतवादी म्हणतो, बंधन घालणाऱ्याने कारण द्यावं. परंपरावादी म्हणतो, बदल मागणाऱ्याने कारण द्यावं. एवढं धरून ठेवलंत तर पुढची बहुतेक उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील.

२. पुरोगामी, सुधारक, लिबरल, सनातनी, प्रतिगामी... हे सगळे शब्द एकच अर्थ सांगतात का?

नाही, आणि निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात. ‘सुधारक’ हा एकोणिसाव्या शतकातला शब्द; आगरकरांनी १८८८ साली आपल्या पत्राला तेच नाव दिलं. त्यात समाजाच्या चालीरीती बदलण्यावर भर आहे. ‘पुरोगामी’ म्हणजे समाजाला पुढे नेऊ पाहणारा. त्यासाठी तो सरकारची ताकद वापरायलाही तयार असतो. उदारमतवादी तिथे कधी कधी कचरतो, कारण सरकारच्या हाती फार ताकद द्यायची त्याला भीती वाटते. ‘सनातनी’ हा मुळात धर्माच्या संदर्भातला शब्द आहे, राजकारणातल्या सगळ्या परंपरावाद्यांना तो लागू पडत नाही. ‘प्रतिगामी’ ही तर शिवीच आहे. कोणीही स्वतःला तसं म्हणवून घेत नाही. पुस्तकांत ‘पुराणमतवादी’ आणि ‘रूढिवादी’ हेही शब्द भेटतात. त्यांत थोडी हेटाळणी आहे, म्हणून या पानावर मी ‘परंपरावादी’ वापरतो. हल्ली मोबाइलवर दोन्ही बाजूंसाठी जे विकृत केलेले शब्द फिरतात, त्यांचा अर्थ कृपया मला विचारू नका. त्यांना अर्थ नाही, फक्त राग आहे.

३. डावे म्हणजे उदारमतवादी आणि उजवे म्हणजे परंपरावादी, हे बरोबर आहे ना?

अर्धंच बरोबर. १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार असावा असं म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले आणि विरोधक डाव्या हाताला. तिथून हे शब्द आले. पुढे ‘डावं-उजवं’ मुख्यतः मालमत्ता, मजुरी आणि समता यांच्याबद्दल बोलू लागलं, आणि ‘उदार-परंपरा’ स्वातंत्र्य आणि वारसा यांच्याबद्दल. एकाच पक्षाची सत्ता मागणारा साम्यवादी डावा असतो, उदारमतवादी नसतो. बाजार पूर्ण खुला करा आणि लोकांच्या खासगी आयुष्यातही नाक खुपसू नका असं म्हणणारा माणूस पैशाच्या बाबतीत उजवा आणि चालीरीतींच्या बाबतीत उदार असतो.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष होते समाजवादाकडे झुकलेले नेहरू. त्यांच्यासाठी अध्यक्षपदाच्या निवडणुकीतून माघार घेतलेले सरदार पटेल समाजवादापासून बरेच दूर होते. नुकतेच तुरुंगातून सुटलेले मार्क्सवादी मानवेंद्रनाथ रॉय तिथे आले होते, आणि गांधीजीही होते. या चौघांना एका सरळ रेषेवर डावीकडून उजवीकडे बसवून पाहा. गांधीजींची जागा कुठे ठरवाल? मला आजवर ठरवता आलेली नाही.

४. परंपरावादी म्हणजे कोणत्याही बदलाला विरोध करणारा माणूस, असंच ना?

हा सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज. आधुनिक परंपरावादाचा जनक मानला जाणारा एडमंड बर्क हा ब्रिटिश संसदेतला आयरिश खासदार. १७९० साली त्याने फ्रेंच क्रांतीवर कडाडून टीका केली. पण त्याआधी याच माणसाने अमेरिकन वसाहतींची बाजू संसदेत मांडली होती, आणि बंगालमधल्या जुलमाबद्दल तिथला माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जवर १७८८ पासून जो महाभियोग चालला तोही त्यानेच पुढे रेटला. ज्या राज्यात बदलाची सोय नाही त्याला टिकण्याचीही सोय नाही, असं त्याचं म्हणणं होतं. त्याचा विरोध एका कागदावर आराखडा काढून सगळा समाज नव्याने उभारण्याला होता.

हे समजायला लंडनला जायची गरज नाही, पांझरेच्या काठी जा. धुळे जिल्ह्यात, साक्रीकडच्या पट्ट्यात, फड पद्धत तीनशेहून अधिक वर्षं चालत आली असं मानतात. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, दरवर्षी पिकं फिरवायची. पाण्याची वाटणी पाटकरी करणार, राखण जागल्या करणार, त्यांचं वेतन शेतकरीच देणार. हे कोणा एका इंजिनिअरने बसून आखलेलं नव्हतं. भांडत, चुकत, सांभाळत गावांनी ते बसवलं, आणि कमी पाण्यात शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत पाट पोचला. वर धरणं झाली, घरोघरी विहिरी आणि मोटारी आल्या, आणि बऱ्याच ठिकाणी फड मोडले. बर्कला जे म्हणायचं होतं ते हेच: मोडण्याआधी, ती गोष्ट काय काम करत होती ते तरी पाहा.

पण उदारमतवाद्याचा प्रश्नही तिथेच उभा असतो. फडात शेतकऱ्याला आपल्या जमिनीत आपल्या मनाचं पीक घेता येत नव्हतं. आणि पाटाच्या खाली ज्याची जमीनच नव्हती, त्याला या शहाणपणातून काय मिळालं? परंपरेचं कौतुक ऐकताना मी हा दुसरा प्रश्न नेहमी विचारतो.

५. उदारमतवादी लोक देव-धर्म मानत नाहीत का?

मानणारे खूप आहेत. न्यायमूर्ती रानडे प्रार्थना समाजाचे, नित्य उपासना करणारे. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते, त्यांच्याइतका भाविक माणूस शोधून सापडायचा नाही. मे १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं. त्यांचा आधार वारकरी परंपराच होती. विठोबा सगळ्यांचा, तर दार सगळ्यांना उघडं का नाही? परंपरेच्या आतूनच परंपरेला कारण विचारता येतं, हे त्यांनी दाखवलं. धर्म माना, पण दुसऱ्यावर तो कायद्याने लादू नका, एवढीच उदारमतवादाची अट आहे.

६. हे सगळं परदेशातून आलेलं आहे. आपल्याला काय करायचंय?

शब्द आणि सिद्धान्त युरोपात घडले हे खरं. ‘लिबरल’ हे राजकीय नाव १८१०-१२ च्या सुमारास स्पेनमध्ये रूढ झालं. पण मग परंपरावादाचा सिद्धान्तही तिकडचाच, हे लक्षात घ्या. तो स्वदेशी आणि उदारमतवाद विलायती, अशी वाटणी होत नाही.

एक दुखरी गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. स्वातंत्र्याबद्दल १८५९ साली सगळ्यात तळमळीने लिहिणारा जॉन स्टुअर्ट मिल पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीला होता, आणि हे स्वातंत्र्य मागासलेल्या समाजांना लागू नाही असं त्याने लिहून ठेवलं. आपण त्या यादीत होतो. दादाभाई, रानडे, गोखले यांनी तेच तत्त्व उचलून इंग्रजांनाच विचारलं, की आम्हाला का लागू नाही? तत्त्व जन्मलं कुठे, यापेक्षा ते कोणी कोणाविरुद्ध वापरलं हे पाहणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

७. लोकमान्य टिळक कोणत्या बाजूचे?

विषयागणिक उत्तर वेगळं आहे. १८९१ साली मुलींचं संमतिवय दहावरून बारा करण्याचा कायदा झाला. आगरकर, रानडे, भांडारकर त्याच्या बाजूने होते, टिळक विरोधात. परक्या सरकारने आमच्या धर्माच्या बाबतीत कायदा करू नये, समाज आपणहून बदलेल, हा त्यांचा मुद्दा. सामाजिक बाबतीत ही परंपरावादी भूमिका झाली. पण राजकारणात तेच टिळक जहाल, आणि सुधारणेच्या बाजूचे गोखले मवाळ. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली ती या दुसऱ्या भांडणावरून. पुढे मवाळांमधल्या अनेकांनी वेगळा लिबरल पक्ष काढला.

माझं मत विचाराल तर १८९१ च्या वादात आगरकरांची बाजू खरी होती. समाज आपणहून बदलेपर्यंत त्या दहा-अकरा वर्षांच्या मुलींनी काय करायचं होतं? टिळकांबद्दलचा माझा आदर त्याने कमी होत नाही.

८. पुस्तकात उदारमतवाद म्हणजे सरकारने हात आखडता घ्यावा असं लिहिलंय, आणि अमेरिकेतले लिबरल तर सरकारी योजना मागतात. खरं काय?

दोन्ही खरं आहे, मधे दीडशे वर्षं गेली आहेत. जॉन लॉक, अ‍ॅडम स्मिथ या जुन्या विचारवंतांच्या काळात स्वातंत्र्याला धोका राजाचा, मक्तेदारीचा, धर्मपीठाचा होता, म्हणून सरकार आवरा असं ते म्हणाले. नंतर गिरण्या आल्या. चौदा तास राबणाऱ्या मजुराला ‘तू स्वतंत्र आहेस’ म्हणणं पोकळ वाटू लागलं. मग उदारमतवाद्यांतल्याच काहींनी म्हटलं की शिक्षण, दवाखाना, किमान रोजगार नसेल तर स्वातंत्र्य कागदावरच राहतं, आणि ते सरकारने पुरवावं. १९३० नंतर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या काळात अमेरिकेत ‘लिबरल’ शब्दाला हाच अर्थ चिकटला.

ऑस्ट्रेलियात १९४४ साली स्थापन झालेला लिबरल पक्ष मात्र उजवीकडचा आहे, आणि जपानमध्ये १९५५ पासून बहुतेक काळ सत्तेत राहिलेल्या परंपरावादी पक्षाच्या नावातही ‘लिबरल’ आहे. तेव्हा नावावरून अंदाज बांधू नका.

आपल्याकडचं उदाहरण रोजगार हमी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या बाया आजही आमच्या भागात भेटतात. महाराष्ट्राने १९७७ साली कामाच्या हक्काचा कायदा केला. जुन्या अर्थाच्या उदारमतवाद्याला हा सरकारी पसारा वाटेल. नव्या अर्थाच्या उदारमतवाद्याला विचाराल तर त्या बाईला सावकाराच्या दारात न जाण्याचं स्वातंत्र्य त्यातूनच मिळालं. मी दुसऱ्याच्या बाजूने आहे.

९. मुलगा अमेरिकेत असतो. तिथल्या बातम्या कळत नाहीत. तिकडे नेमकं कशावरून भांडतात?

ढोबळमानाने डेमोक्रॅटिक पक्ष लिबरल, रिपब्लिकन पक्ष कंझर्व्हेटिव्ह. मुख्य विषय हे: गर्भपात (१९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेला देशव्यापी हक्क २०२२ साली त्याच न्यायालयाने काढून घेतला, आता राज्यं ठरवतात), बंदूक बाळगण्याचा हक्क (१७९१ ची घटनादुरुस्ती), कर किती असावा, आरोग्यविमा कोणी द्यावा, बाहेरून येणाऱ्यांना किती वाव द्यावा, आणि केंद्राने किती ठरवायचं, राज्यांनी किती.

तिथली विभागणीही कायमची नाही. गुलामगिरी संपवणारा लिंकन रिपब्लिकन होता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला प्रमाणात जास्त पाठिंबा रिपब्लिकन सदस्यांचाच मिळाला, आणि दक्षिणेतल्या डेमोक्रॅट सदस्यांनी कडवा विरोध केला. त्यानंतर दोन्ही पक्षांचे मतदार हळूहळू अदलाबदल झाले. मुलाशी बोलताना एक पथ्य पाळा: त्यांचे खाने जसेच्या तसे आपल्या पक्षांना लावू नका. का, ते पुढच्या उत्तरात.

१०. मग आपल्याकडचा कोणता पक्ष उदारमतवादी?

पूर्णपणे कोणताच नाही. एकच पक्ष बाजार खुला करतो आणि दुसऱ्या हाताने निर्यातबंदी घालतो; परंपरेचं नाव घेतो आणि नवा कायदा आणतो; व्यक्तिस्वातंत्र्याची भाषा करतो आणि पुस्तकावर बंदीही मागतो. हे मी सगळ्याच पक्षांबद्दल लिहितो आहे.

तरी एक प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसने नागपूरला सहकारी शेतीचा ठराव केला. त्याला विरोध म्हणून त्याच वर्षी राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी), मिनू मसानी, प्रा. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष काढला. परमिटराज, म्हणजे प्रत्येक धंद्याला सरकारी परवाना, नको; शेतकऱ्याची जमीन त्याचीच राहू द्या, हा कार्यक्रम. १९६७ साली लोकसभेत त्यांचे ४४ खासदार होते. पण त्याच पक्षात मसानींसारखे पाश्चात्त्य वळणाचे उदारमतवादी, राजाजींसारखे धर्मनिष्ठ परंपरावादी आणि जुने संस्थानिक एकत्र बसले होते. सरकार नको यावर एकमत होतं, बाकी कशावर नव्हतं. काही वर्षांतच तो पक्ष संपला.

११. आम्ही कापूस पिकवतो. हमीभाव मागितला की डावे म्हणतात, बाजार खुला करा म्हटलं की उजवे. शेतकऱ्याने नेमकं काय मागावं?

काय मागावं हे तुम्ही ठरवा. मागणीचं मूळ मी सांगू शकतो. महाराष्ट्रात १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस विकायचा तो सरकारी यंत्रणेलाच. भाव कोसळला की आधार मिळायचा, आणि सीमेपलीकडे मध्य प्रदेशात किंवा गुजरातेत भाव जास्त असला तरी तिकडे न्यायचा नाही. रात्री बैलगाड्या सीमेपलीकडे कशा जायच्या, हे चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या जुन्या माणसांना विचारा. आपल्याच शेतातलं बोंड आपल्याला चोरासारखं न्यावं लागतं, याची चीड मी लहानपणी ऐकली आहे.

शरद जोशींनी १९७९ साली शेतकरी संघटना काढली आणि मागणी नेमकी केली: उत्पादन खर्चावर आधारित भाव. पुढे त्यांनीच बाजाराचं आणि तंत्रज्ञानाचं स्वातंत्र्य मागितलं, बी.टी. कापसाची बाजू घेतली. हा जुन्या अर्थाचा उदारमतवाद झाला (प्रश्न ८ पाहा). समाजवादी मंडळी म्हणतात, कोरडवाहू शेतकरी आणि मोठा व्यापारी हे बाजारात बरोबरीचे नाहीत, सरकार हटलं की दुबळा मरतो. आणि परंपरावादी तिसरंच विचारतो: दरवर्षी बियाणं कंपनीकडून आणायचं, तर घरचं बियाणं आणि त्याबरोबर आलेली जाण कुठे गेली?

तिघांनाही आपल्या भागात पुरावा सापडतो. मला खटकतं ते एवढंच, की भाव पडले की शेतकऱ्याला बाजाराचे नियम सांगतात, आणि भाव चढले की निर्यातबंदी येते. हे कुठल्याच तत्त्वात बसत नाही.

१२. गावातल्या बायांनी दारूचं दुकान बंद पाडलं. हे उदारमतवादी की परंपरावादी?

साक्रीच्या एका ताईंचा हा प्रश्न मला फार आवडला. काय प्यावं हे ज्याचं त्याने ठरवावं, असं मिलचं मत होतं, आणि दारूबंदीला त्याचा विरोध होता. त्या हिशोबाने बाया चुकल्या. पण मिलनेच अशीही रेघ ओढली होती की दुसऱ्याला इजा होते तिथे स्वातंत्र्य थांबतं. मजुरीचे पैसे गुत्त्यावर जातात, रात्री मार पडतो, मुलं उपाशी झोपतात. ही इजाच आहे. शिवाय आपल्याकडे महिला मतदारांनी मतदानात बहुमताने ‘आडवी बाटली’ हे बंदीचं चिन्ह निवडलं तर दुकान बंद करण्याची तरतूद आहे. म्हणजे हुकूम वरून आलेला नाही.

परंपरावादी याच बायांकडे पाहून म्हणेल की त्या घर वाचवत आहेत. सातपुड्याच्या पायथ्याला गुला महाराजांनी गेल्या शतकात आदिवासींमध्ये आरतीतून दारू सोडवली, तो मार्ग धर्माचाच होता. दोन वेगळ्या वाटांनी माणसं एकाच दारात येतात, असं इथे झालं.

१३. मुलीला जमिनीत हिस्सा मागणं म्हणजे घर मोडणं नाही का?

हा प्रश्न दरवर्षी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास येतो, आणि त्याचं कारण उघड आहे. मुली माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि याच दिवसांत कधी कधी त्यांच्यापुढे हक्कसोडपत्राचा कागदही येतो.

कायदा स्पष्ट आहे. हिंदू कुटुंबातल्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, आणि २००५ साली तो देशभर झाला. उदारमतवादी इथेच थांबेल: हक्क तिचा, घ्यायचा की सोडायचा हे ती ठरवेल.

परंपरावाद्याचं म्हणणं मी त्याच्या पूर्ण ताकदीने मांडतो, कारण ते टाकाऊ नाही. जमीन हा केवळ पैसा नाही. भाऊ म्हाताऱ्या आईबापांना सांभाळतो, बहिणीच्या अडीअडचणीला धावतो, तिच्या मुलांच्या लग्नात मामा म्हणून उभा राहतो. तीन एकराचे चार तुकडे झाले तर कोणाचंच पोट भरत नाही. हिशोब करायला बसलं की नातं हिशोबाचंच उरतं.

आता माझं मत. भाऊ-बहिणीचं नातं एवढं पक्कं असेल, तर ते सातबाऱ्यावर तिचं नाव लागल्याने तुटायला नको. आणि ‘सही केली नाहीस तर माहेर बंद’ ही भीती मनात असताना केलेल्या सहीला मी राजीखुशी म्हणणार नाही. प्रश्न १ मधली कसोटी इथे लावा. हक्क सोडावा असं ज्याला वाटतं त्याने कारण द्यावं, आणि ते तिला पटावं. नवरा गेल्यावर किंवा सासरहून परत आल्यावर हातात काहीच नसलेल्या लेकी मी पाहिल्या आहेत. आखाजी चालू राहावी असं मला मनापासून वाटतं. तिच्यासाठी बहिणीने दर वर्षी काही ना काही सोडत राहावं, हे मला मान्य नाही.

१४. समान नागरी कायदा मागणारे उदारमतवादी की परंपरावादी?

राज्यघटनेच्या ४४ व्या कलमात तो मार्गदर्शक तत्त्व म्हणून आहे. संविधान सभेत बाबासाहेबांनी त्याची बाजू मांडली आणि काही सदस्यांनी धर्मस्वातंत्र्याच्या नावाने विरोध केला. हिंदू कोड बिल अडकलं, हेही १९५१ साली बाबासाहेबांच्या राजीनाम्याचं एक मोठं कारण होतं. त्या काळी हिंदू कायद्याची सुधारणा सुधारकांची मागणी होती आणि विरोध सनातन्यांचा. आज समान नागरी कायदा मागण्यात परंपरावादी गट पुढे दिसतात, आणि अनेक उदारमतवादी कचरतात. याचं कारण हेतूंबद्दलचा अविश्वास आहे. तत्त्व तेच आहे. १९८५ च्या शहाबानो निकालानंतर सरकारने मुस्लिम महिलांच्या पोटगीबाबत जी माघार घेतली, ती माझ्या मते उदारमतवादाची मोठी हार होती. कायदा सगळ्यांसाठी एक म्हणायचं आणि त्यात अपवाद कोणते ठेवायचे, हा खरा प्रश्न. त्यातला सगळ्यात अवघड अपवाद आपल्याच सातपुड्यात आहे, तो पुढे.

१५. आदिवासींच्या रूढी राखा म्हणणारे लोक स्वतःला उदारमतवादी कसे म्हणवतात?

नंदुरबारच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न, आणि माझ्याकडे आलेल्यांत सगळ्यात कठीण. हिंदू विवाह कायदा (१९५५) आणि हिंदू वारसा कायदा (१९५६) अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाहीत. तिथे रूढी चालते. १९९६ च्या पेसा कायद्याने (आदिवासी भागातल्या पंचायतींचा कायदा) ग्रामसभेला रूढी-परंपरा जपण्याचा अधिकार दिला, २००६ च्या कायद्याने वनहक्क मान्य केले. उत्तराखंडच्या २०२४ च्या समान नागरी कायद्यातही अनुसूचित जमाती वगळल्या आहेत.

उदारमतवादी याला पाठिंबा देतो, कारण दुबळ्या समाजावर बाहेरच्या बलवान बहुसंख्येने आपली पद्धत लादणं हीसुद्धा जबरदस्तीच. १९७० नंतर शहाद्याच्या पट्ट्यात गेलेल्या जमिनी परत मिळवायला आदिवासी उभे राहिले, तेव्हा त्यांचा एकोपा हीच त्यांची ताकद होती. पण समाजाच्या आत जो दुबळा आहे त्याचं काय? डाकीण ठरवून एखाद्या बाईला मारहाण होते, तेव्हा ‘ही त्यांची रूढी’ म्हणून गप्प बसणारा उदारमतवादी नव्हे; २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तिथे लागलाच पाहिजे. आदिवासी मुलीच्या वारशाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली म्हटलं की तिला वगळणारी रूढी सिद्ध झाली नसेल, तर केवळ स्त्री म्हणून हिस्सा नाकारता येणार नाही. बघा, न्यायालयाने कारण द्यायचं ओझं वगळणाऱ्यावर टाकलं.

मी स्वतःसाठी एक रेघ ठरवली आहे: समाजाला बाहेरच्यांपासून संरक्षण द्या, पण आतल्या माणसाला बाहेर पडायचं दार उघडं ठेवा. ती सगळ्या प्रसंगांना पुरत नाही, हेही मला माहीत आहे.

१६. आरक्षणाला पाठिंबा देणारा उदारमतवादी, हे नक्की का?

नक्की नाही. राज्याने माणसाची जात पाहूच नये असं म्हणणारे उदारमतवादी आहेत, आणि शर्यतीची सुरुवातच वेगवेगळ्या ठिकाणाहून होते तेव्हा डोळे मिटणं म्हणजे अन्यायाला साथ देणं, असं म्हणणारेही आहेत. घटनेत मागास वर्गांसाठी खास तरतुदी करू देणारं १५(४) हे कलम १९५१ च्या पहिल्याच दुरुस्तीने आलं, ते दुसऱ्या विचाराने. हे भांडण मुख्यतः उदारमतवादाच्या घरातलं आहे. मी दुसऱ्या गटात आहे.

१७. वय वाढलं की माणूस परंपरावादी होतोच, खरं का?

आपोआप होत नाही. गमावण्यासारखं काही हाती आलं की माणूस जपून बोलू लागतो, एवढं खरं. उलट आमच्या बैठकीत पंचाहत्तरीचे एक आबा आंतरजातीय लग्नांची बाजू सगळ्यात जोराने मांडतात, आणि कॉलेजची दोन मुलं त्यांना अडवतात.

१८. “मना पोऱ्या म्हनस, बाबा तुम्ही जुना इचारना शेतस. मंग मी नेमका कोन?”

दादा, तुम्ही तुमच्या संदेशात लिहिलं आहे की श्रावणात कानबाई देवीचे रोट चुकू देत नाही, वडिलांची जमीन विकायला तयार नाही, थोरल्या लेकीचं नाव सातबाऱ्यावर लावलं, आणि सुनेने नोकरी करावी असं तुमचंच मत होतं. पहिल्या दोन गोष्टींत तुम्ही परंपरावादी आहात, पुढच्या दोन्हींत उदारमतवादी. यात काही गडबड झालेली नाही. बहुतेक माणसं अशीच असतात, फक्त लिहून काढत नाहीत.

मुलाचा शब्द मनाला लावून घेऊ नका. त्याला विचारा, तुमच्या कोणत्या गोष्टीबद्दल तो बोलतो आहे. कानबाईबद्दल असेल तर रोट का करता हे त्याला एकदा नीट सांगा. कदाचित ते त्याला कोणी सांगितलेलंच नसेल. आणि जमीन विकायची नसेल तर त्याला नकाराचं कारण द्या. ‘बापजाद्यांची आहे’ एवढ्यावर थांबू नका, त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. राहिली केळीच्या ठिबकची गोष्ट, जिच्यावरून तुम्हा बापलेकांचा वाद सुरू झाला. तो वाद विचारसरणीचा नाही. विहिरीला मे महिन्यात किती तास पाणी असतं ते दोघांनी मिळून मोजा.